नको, नको आणि बरं

मिनेसोटात कुणी कॉफी विचारली तर पहिल्यांदा नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारली की "नको हो, उगाच तुम्हाला त्रास" असं म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारली की "बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप द्या" म्हणून पूर्ण कप घ्यायचा. हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. नॉर्वेहून आलेल्या पणजोबांनी लाकडी पेटीतून बायबलबरोबर आणलं असावं. बायबल आता कपाटात गेलं, हे मात्र रोजच्या वापरात आहे. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा माणूस इथे हावरट ठरतो, आणि एकदाच विचारून थांबणारा कंजूष.

लव्हॉन तोरगर्सन जन्मभर याच नियमाने वागली होती आणि तिचं कधी काही अडलं नव्हतं. अडलं ते फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, ट्रेलरच्या दुकानात.

तिचा नवरा ऑर्लिन तीस हिवाळे काउंटीचा बर्फ काढायचा ट्रक चालवून नाताळात निवृत्त झाला होता. उन्हाळ्यात गाडीमागे जोडून न्यायचा, आत राहायची-झोपायची सोय असलेला त्यांचा जुना कापडी छपराचा ट्रेलर होता, पण त्यात आता उंदरांनी बिऱ्हाड केलं होतं, आणि उंदरांना बाहेर काढण्यापेक्षा आपणच नवा घ्यावा असं दोघांचं ठरलं. मॉडेल पसंत पडलं. ते कारखान्यात मागणीप्रमाणे बनणार होतं. आत काय हवं, काय नको, ते आपण सांगायचं. त्याचं रंगीत माहितीपत्रक जानेवारीभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होतं. ऑर्लिन ते जेवताना वाचायचा. लव्हॉन ते ऑर्लिन बाहेर गेल्यावर वाचायची.

तिला त्यातली एकच गोष्ट हवी होती. त्या मॉडेलमध्ये मोठ्या खिडकीपाशी दोन आरामखुर्च्या येत. त्याऐवजी मागितलं तर एक टेबल आणि दोन्ही बाजूंना गादीची बाकं मिळत, आणि रात्री ते टेबल खाली सरकवलं की त्याचा पलंग होई. लव्हॉनला तो पलंग हवा होता. पलंग आर्डिससाठी हवा होता.

आर्डिस तिची थोरली बहीण. आर्डिसचा नवरा वेंडेल गेल्याला दीड वर्ष झालं होतं. त्याआधी दर जुलैत दोन्ही जोडपी लेक सुपीरियरच्या काठी शेजारीशेजारी मुक्काम करायची; इकडे तोरगर्सनांचा कापडी ट्रेलर, तिकडे वेंडेलचा पत्र्याचा. शनिवारी संध्याकाळी वेंडेल रेडिओ लावायचा आणि तो आणि आर्डिस तिथल्या खडीवर, मोज्यांवर सँडल घालून, पोल्का नावाचा जोडीचा उड्यांचा नाच नाचायचे. बाकीचे तंबूवाले खुर्च्या घेऊन बघायला यायचे. वेंडेल गेल्यावर आर्डिसने ट्रेलर पहिल्या विचारणाऱ्याला देऊन टाकला. आता ती सिंकपाशी उभ्यानेच जेवायची, एकटीसाठी टेबल कशाला मांडायचं म्हणून. लव्हॉनने एकदा खिडकीतून ते पाहिलं होतं आणि दार वाजवण्याआधी ती थोडा वेळ गाडीत जाऊन बसली होती.

ऑर्लिनला तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. हा ट्रेलर त्याच्या निवृत्तीचा. ज्या माणसाने तीस वर्षं पहाटे उठून दुसऱ्यांचे रस्ते मोकळे केले, त्याच्या पहिल्याच सुट्टीत त्याच्या गळ्यात मेव्हणी बांधायची, हे तिला जड जात होतं. विचारलं असतं तर तो "चालेल" म्हणाला असता. पण ऑर्लिन लग्नाच्या वेळीही "चालेल" म्हणाला होता आणि गॅरेजचं छप्पर बर्फाने खाली आलं तेव्हाही "चालेल" म्हणाला होता, त्यामुळे त्या शब्दावर विसंबण्यात अर्थ नव्हता. म्हणून तिने एक बेत केला. दुकानदार टेबलाचं विचारील. ती नको म्हणेल. तो पुन्हा विचारील, ती पुन्हा नको म्हणेल. तिसऱ्यांदा विचारील तेव्हा ती सुस्कारा टाकून "बरं, एवढं म्हणताय तर असू दे" असं म्हणेल. म्हणजे टेबल दुकानदाराने गळ्यात मारल्यासारखं दिसेल, आणि एकदा टेबल आलं की मग आर्डिसचा विषय हळूहळू काढता येईल.

बेतात काहीच खोट नव्हती. खोट होती ती दुकानदारात.

क्लेटन तीन महिन्यांपूर्वी टेक्सासहून आला होता. त्याची बायको इथली, नर्स. तिला माहेरची ओढ लागली म्हणून हा टोपी आणि बूट घेऊन तिच्यामागे आला. माणूस लाख चांगला, बोलका, हसरा. पण टेक्सासमध्ये हो म्हणजे हो आणि नको म्हणजे नको असतं.

"या, बसा. बाहेर काय थंडी आहे," क्लेटन म्हणाला. "कॉफी घेणार?"

"नको, नको," दोघं एकदम म्हणाली.

"बरं," असं म्हणून क्लेटन खाली बसला आणि त्याने पडद्यावर त्यांचं मॉडेल उघडलं.

ऑर्लिनने कॉफीच्या भांड्याकडे पाहिलं. भांडं भरलेलं होतं आणि त्यातून वाफ येत होती. त्याला वाटलं, पोरगं विसरलं असेल, आता विचारील. क्लेटनने विचारलं ते थंड हवेच्या यंत्राचं.

"एकाने भागणार नाही बघा. दुसरं घ्याच. उन्हाळ्यात जीव जातो."

"गेल्या वर्षी आमच्याकडे उन्हाळा मंगळवारी होता," ऑर्लिन म्हणाला.

क्लेटन मोठ्याने हसला आणि एकच यंत्र ठेवलं. मग त्याने पाण्याच्या टाक्या गोठू नयेत म्हणून खालून ऊब देणारी सोय दाखवली. ऑर्लिन पुढे झुकला, चष्मा वर करून त्याने चित्र नीट पाहिलं. "वाईट नाही," तो म्हणाला.

आमच्याकडे याच्यावर स्तुती नाही. नवरा मुलगा नवरीला पाहून हेच म्हणतो. क्लेटन मात्र म्हणाला, "तुमच्या मनात भरत नसेल तर राहू दे," आणि पुढे गेला. पुढे दारावरच्या छपरीला लावायचे रंगीत दिवे होते. रात्री ट्रेलरच्या बाहेर निळा उजेड पडतो. दारूच्या दुकानाबाहेर असतो तसला.

लव्हॉनने बराच वेळ पाहिलं. "हे वेगळंच आहे," ती म्हणाली.

इथे तिने जे म्हटलं ते कुठल्याही मिनेसोटाच्या माणसाला ऐकवलं असतं तर त्याने मान खाली घातली असती. शेजारच्या पोराने मानेवर साप गोंदवून घेतला तेव्हा लव्हॉन हेच म्हणाली होती, आणि त्या पोराच्या आईने आठवडाभर तिच्याशी अबोला धरला होता.

"आहे ना वेगळं?" क्लेटन खूश होऊन म्हणाला. "सगळ्यांना आवडतात." आणि त्याने दिव्यांवर खूण केली.

"मागे कॅमेरा लावू? मागचं सगळं गाडीत पडद्यावर दिसतं."

"नको," ऑर्लिन म्हणाला.

"बरं. आता बसायचं. दोन आरामखुर्च्या आहेतच. त्याऐवजी टेबल आणि बाकं हवीत का, मॅडम?"

लव्हॉनने मांडीवरची पर्स सरळ केली. "छे, छे," ती म्हणाली. "आमच्या दोघांसाठी कशाला एवढं?" आणि दुसऱ्या विचारण्याची वाट बघत ती हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिली.

"बरोबर आहे तुमचं," क्लेटन म्हणाला. "खुर्च्याच आरामाच्या." आणि खूण करून मोकळा झाला.

अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं लव्हॉनला झालं. तिने ऑर्लिनकडे पाहिलं. ऑर्लिन कॉफीच्या भांड्याकडे बघत होता. "खुर्च्या चालतील," तो म्हणाला. आता बोलावं तर आपणच नको म्हटलेलं, आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती मूग गिळून बसली. मागणी सोमवारी दुपारी कारखान्याकडे जाणार, असं क्लेटनने सांगितलं, दोघांशी हात मिळवले आणि तिथल्या तिथे निरोप घेतला. आमच्याकडे निरोप एकदा टेबलापाशी, एकदा दारात आणि एकदा गाडीच्या खिडकीपाशी घ्यायचा असतो. दोघं दारापर्यंत बोलत आली आणि वळून बघतात तर मागे कुणीच नव्हतं.

परतीची वाट तळ्याच्या काठाने जात होती.

"तो मुलगा वेगळाच आहे," शेवटी लव्हॉन म्हणाली.

ऑर्लिनने तळं मागे पडेपर्यंत विचार केला. "कॉफी ताजी दिसत होती," तो म्हणाला.

घरी आल्यावर जेवून ऑर्लिन गॅरेजमध्ये काहीतरी शोधायला गेला आणि बराच वेळ आला नाही. लव्हॉनला ते बरंच वाटलं. तिला एकटीने भांडी आपटायची होती.

रविवारी चर्चच्या तळघरात प्रार्थनेनंतरची कॉफी होती. आर्डिस तिच्या शेजारी येऊन बसली. मधे ताटात लिंबाच्या वड्या होत्या आणि त्यातली एक शेवटची उरली होती. शेवटची वडी आमच्याकडे कुणी खात नाही. येणारा जाणारा तिचा अर्धा तुकडा कापून घेतो, पुढचा त्याच्या अर्ध्याचा अर्धा, आणि शेवटी ताटात एक कण राहतो तो घरी नेऊन कुत्र्याला घालतात.

"मग? ठरला ट्रेलर?" आर्डिसने विचारलं.

"ठरला. निळे दिवे आहेत त्याला."

"अगं बाई. आणि झोपायची सोय किती जणांची?" हे विचारताना आर्डिस वडी कापत होती आणि तिचं लक्ष सुरीकडे होतं.

"दोघांची," लव्हॉन म्हणाली.

"पुरे की. दोघांना काय लागतं आणखी?" आर्डिस अगदी हसून म्हणाली, आणि अर्ध्या वडीचा अर्धा तुकडा तिने बशीत घेतला.

हे हसणं लव्हॉनच्या ओळखीचं होतं. लहानपणी घरात बर्फावर घसरायच्या बुटांचा एकच जोड होता, तेव्हा आर्डिस असंच हसून म्हणायची, माझे पाय दुखतायत, तू जा. ते आठवलं आणि लव्हॉनला राग आला. क्लेटनचा आला, नॉर्वेच्या पणजोबांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. आपल्या तोंडातून एक "हो" निघाला नाही म्हणून आपली बहीण सिंकपाशी उभी राहून जेवणार. तिने तिथेच ठरवलं, उद्या सकाळी जायचं आणि सरळ मागायचं.

सरळ मागायची सवय नव्हती, म्हणून सोमवारी सकाळी तिने फ्रिजसमोर उभं राहून सराव केला. "मला टेबल हवंय." पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा "मला टेबल चाललं असतं" असं तोंडातून गेलं. तिसऱ्यांदा जमलं, आणि फ्रिजने काही वाईट वाटून घेतलेलं दिसलं नाही. मागायला जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून तिने लिंबाच्या वड्यांचं एक ताट भरून घेतलं. ऑर्लिनला म्हणाली, वाचनालयात जाऊन येते.

क्लेटन तिला पाहून उठून उभा राहिला. "या मॅडम. कॉफी?"

"नको."

"आत्ताच केलीय."

लव्हॉन थबकली. "नको, उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास कसला त्यात? घ्याच थोडी," असं म्हणत क्लेटनने कप तिच्या हातात दिलासुद्धा, आणि गणित बरोबर आलेल्या पोरासारखा तिच्याकडे बघत राहिला.

पण लव्हॉनला आता थांबता येत नव्हतं. थांबली असती तर शब्द गिळले गेले असते. "मला टेबल हवंय," ती म्हणाली. "खुर्च्या नकोत. टेबल आणि बाकं. मला हवंय ते."

"आहे की," क्लेटन म्हणाला.

"काय आहे?"

"टेबल. शनिवारीच बदललं. तुम्ही गेलात आणि दुपारी तुमच्या यजमानांचा फोन आला. गॅरेजमधून बोलत होते, हळू आवाजात. म्हणाले, त्या टाक्यांच्या उबेचं मी वाईट नाही म्हणालो, म्हणजे ती टाक. आणि खुर्च्या काढून टेबल टाक. मी म्हटलं, अहो, पण मॅडम स्वतः नको म्हणाल्या. तर ते म्हणाले, 'पोरा, ती फक्त एकदाच नको म्हणाली.'"

लव्हॉनने कप खाली ठेवला.

"मग मला तीनदा विचारायचं कसं ते समजावून सांगितलं त्यांनी," क्लेटन म्हणाला. "बायकोने घरी ऐकलं तेव्हा हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, तरीच माझी आई आपल्याकडे आली की उपाशी जाते."

"टेबल कशाला हवं, ते काही बोलला तो?"

"नाही. फक्त बाकाची लांबी मोजून सांग म्हणाले. 'आमच्या आर्डिसचे पाय लांब आहेत,' म्हणाले."

इतकी वर्षं लव्हॉन त्या माणसाच्या "चालेल"चे अर्थ लावत होती, आणि तो गुपचूप गॅरेजमध्ये उभा राहून तिच्या बहिणीचे पाय मोजत होता. तिला त्याच्यावर इतकं प्रेम आलं की ते कुठे ठेवावं ते कळेना. त्याला काहीतरी द्यायलाच हवं होतं, आणि ताबडतोब.

"तो कॅमेरा," ती म्हणाली. "तोही टाका. ऑर्लिनही एकदाच नको म्हणाला होता."

निळे दिवे काढून टाका, हेही तिच्या ओठांवर आलं होतं. पण एका सकाळी दोन गोष्टी मागून झाल्या होत्या, आणि तिच्या घराण्यात कुठल्या बाईने अख्ख्या जन्मात एवढं मागितलं नव्हतं. तिने ते राहू दिलं.

"वाचनालय कसं होतं?" घरी आल्यावर ऑर्लिनने विचारलं. तो वड्यांच्या रिकाम्या भांड्याचे कोपरे चमच्याने खरवडत होता.

"बरं होतं. गॅरेज कसं होतं?"

ऑर्लिनचा चमचा थांबला. "चालेल," तो म्हणाला, आणि पुन्हा खरवडायला लागला. या विषयावर त्यांच्यात एवढंच बोलणं झालं, आणि ते पुरलं.

मेच्या अखेरीस ट्रेलर आला. क्लेटन आता इतका तयार झाला होता की चावी घेता का हेसुद्धा त्याने तीनदा विचारलं, आणि निरोप घ्यायला गाडीच्या खिडकीवर कोपर टेकून उभा राहिला तो हलेना. ऑर्लिनला ते फार आवडलं. मग त्याने गाडी सुरू केली आणि समोरचा पडदा उजळला. पडद्यावर ट्रेलरच्या मागचं अंगण दिसत होतं.

"हे कुणी सांगितलं?"

"मी. तू एकदाच नको म्हणाला होतास."

"मला खरंच नको होता," ऑर्लिन म्हणाला. "तीस वर्षं मी हिमवादळात आरसे बघून ट्रक मागे घेतलाय. एक पत्रपेटीसुद्धा कधी पाडली नाही."

"मग तीनदा नको म्हणायचं होतंस."

"तिसऱ्यांदा विचारलं कुणी?"

त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. लव्हॉनने पुढे काही म्हटलं नाही, पण तिच्या मनात एक कुसळ टोचायला लागलं. म्हणजे नकोचा अर्थ कधी कधी नकोच असतो. आणि ती दोघं निघाली होती आर्डिसकडे.

आर्डिसच्या घरापुढे गोल वळण घेऊन बाहेर पडता येईल एवढं मोठं अंगण आहे. ती एप्रनला हात पुसत बाहेर आली, तिने ट्रेलरला एक प्रदक्षिणा घातली, ऑर्लिनने तिला निळे दिवे लावून दाखवले.

"वेगळेच आहेत," आर्डिस म्हणाली.

"हो ना," ऑर्लिन म्हणाला.

आत तिघं टेबलाशी बसली. लव्हॉनने थर्मासमधली कॉफी ओतली. खिडकीतून आर्डिसचं शेत आणि वाळत घातलेले कपडे दिसत होते. आर्डिसने टेबलावरून हात फिरवला. "तू तर दोघांची सोय आहे म्हणाली होतीस."

"बदललं नंतर. हे खाली सरकतं, त्याचा पलंग होतो. आर्डिस, जुलैत आमच्याबरोबर चल."

"छे गं, तुमच्या दोघांच्या मधे मी कशाला?"

हा पहिला नको होता, त्याचं काही वाटायचं कारण नव्हतं. ट्रेलरमधून उतरल्यावर अंगणात, बटाटे आणि पाऊस यांच्याबद्दल बोलून झाल्यावर, लव्हॉनने पुन्हा विचारलं. या वेळी आर्डिस हसली नाही.

"लव्हॉन, खरंच नको," ती हळू आवाजात म्हणाली. "तो किनारा मला आता नकोसा वाटतो. आणि माझं पडलेलं तोंड बघत बसायला तुम्ही का जायचं तिथे?"

लव्हॉन घाबरली. हा नको कुठला होता? कॉफीचा की कॅमेऱ्याचा? एकदा विचारणं अजून शिल्लक होतं, पण तिसऱ्यांदा नको आला की तो कायमचा, मग त्या विषयावर कुणी कधी बोलत नाही. तिचे शब्द दातांपर्यंत येऊन परत गेले. ऑर्लिनने मांडीवर थाप मारून "बरं मग" म्हटलं, म्हणजे निघायची वेळ झाली. ती जाऊन गाडीत बसली. बहिणीकडे बघायचं धाडस तिला होईना.

आर्डिस खिडकीपाशी आली. रस्ता कोरडा आहे म्हणाली. वळणावर नवी पाटी लावलीय म्हणाली. "हरणं सांभाळा," म्हणाली; रस्त्यात ती आडवी येतात, आणि हे आमच्याकडे अगदी शेवटी म्हणतात. पण तिचा हात खिडकीच्या कडेवर होता आणि तो तिने काढला नाही.

ऑर्लिन लव्हॉनच्या पुढून वाकला. "आर्डिस," तो म्हणाला, "त्या बाकापाशी वाचायला दिवा बसवायचाय मला. झोपताना तुझं डोकं कुठल्या बाजूला असतं, खिडकीकडे का दाराकडे?"

आर्डिसने त्याच्याकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे पाहिलं. कपडे दोरीवर फडफडत होते आणि गाडीचं इंजिन चालू होतं.

"खिडकीकडे," आर्डिस म्हणाली. "तुमचं कुणाचं अडत नसेल तर."

"नाही अडत."

"बरं मग. हरणं सांभाळा," असं म्हणून तिने हात काढला.

ऑर्लिनने गोल वळण घेतलं आणि गाडी रस्त्याला लावली. लव्हॉन पर्समध्ये रुमाल शोधत होती आणि तो सापडत नव्हता. "ऑर्लिन," ती म्हणाली. ऑर्लिनने तिच्याकडे न बघता पडद्याकडे बोट केलं.

पडद्यावर आर्डिस अंगणात उभी होती. आता गाडीतून आपण दिसत नाही असं तिला वाटलं असावं. तिने एप्रनने डोळे पुसले, एप्रन नीट केला, इकडेतिकडे कुणी नाही ना ते पाहिलं. मग एक हात कमरेवर आणि दुसरा हवेत, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा धरून, ती खडीवर पोल्काच्या चार उड्या नाचली.

गाडीचा वेग आपोआप कमी झाला. मागून एक ट्रॅक्टर येत होता, त्याला ऑर्लिनने हाताने पुढे जाऊ दिलं. वळण येईपर्यंत दोघं त्या छोट्या चित्राकडे बघत राहिली.

"वाईट नाही," ऑर्लिन म्हणाला, "हा कॅमेरा."